टाके घालताना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा) लावला तर दुखणं खरंच कमी होतं का?
हो, बऱ्याच जणांचं होतं, पण भूल किंवा पेनकिलरच्या ऐवजी नाही, त्यांच्या जोडीला. दुखणं जाणवायला मेंदूचं लक्ष लागतं आणि डोळे-कान दुसऱ्याच जगात अडकले की सुईकडे द्यायला लक्षच कमी उरतं, म्हणून नुसत्या व्हिडिओपेक्षा ज्यात आपण काहीतरी करतो तो गेम जास्त कामाला येतो. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी १९९६ पासून भाजलेल्या पेशंटसोबत हेच केलं, जखम साफ होत असताना पेशंट गेममधल्या बर्फाच्या दरीत स्नोबॉल फेकतोय! लहान मुलांसाठी तर नक्की विचारा, घाबरलेलं पोर शांत झालं की निम्मं काम झालं. फक्त डोक्याला मार, फिट्स, उलट्या किंवा चेहऱ्यावर जखम असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.