चालून नळ्या साफ होतात का हो डॉक्टर?

प्रश्न: एसटीत कंडक्टर होतो, रिटायर होऊन दहा वर्षं झाली, वय 68. परवा बीपी 158/66 आलं. डॉक्टर म्हणाले रक्तवाहिन्या कडक झाल्यात, गोळी चालू करा आणि रोज चाला. पण चालून नळ्या साफ होतात का? कट्ट्यावरचे दोस्त म्हणतात या वयात आता काय उपयोग. आणि वरचं वाढलंय तर खालचं कमी कसं, मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: काका, मशीनवर लगेच संशय नको, तुमच्या वयात असे आकडे खूप जणांचे येतात. आणि साफ वगैरे काही होत नाही. भिंतीत बसलेली चरबी नि कॅल्शियम चालून धुऊन निघत नाही, त्यासाठी कुणी काढा विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

कडकपणाचं प्रकरण वेगळं आहे. महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिनचे ताणले जाणारे धागे असतात, वय वाढलं की ते तुटत जातात आणि कोलॅजेनचे न ताणणारे धागे वाढतात, जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक कसं ताणलं की नुसतं करकरतं तसं. दर ठोक्याला साधारण 70 मिली रक्त आत येतं, तरुण धमनी फुगून ते सामावून घेते आणि मग हळूहळू पुढे ढकलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही प्रेशर टिकून राहतं. कडक धमनी फुगतच नाही, मग वरचा आकडा चढतो, आणि मधल्या वेळात ढकलायला फारसं काही उरत नाही म्हणून खालचा पडतो.

आता चालण्याचं. चालताना रक्त जोरात वाहतं आणि नळीच्या आतल्या अस्तरावर घासतं, ते अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, पण घासलं गेलं की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि नळी सैलावते. 1998चं नोबेल याच्याच शोधाला मिळालं, आणि छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात ना, तीही शेवटी हेच देते. कट्ट्यावर सांगायला एक आकडा घ्या: 2000 साली अमेरिकेतल्या बोल्डरच्या संशोधकांनी बैठ्या सवयीच्या, साधारण 53 वर्षांच्या पुरुषांना तीन महिने चालायला लावलं तर मानेतल्या धमनीची लवचिकता जवळपास 25 टक्क्यांनी वाढली. ते तुमच्यापेक्षा लहान होते हे खरं. शिवाय पाळी गेल्यानंतर बायकांमधे हिशोब इतका सरळ दिसत नाही, म्हणून काकूंना हा आकडा ऐकवू नका, फिरायला मात्र बरोबर न्या.

आणि गंमत म्हणजे व्यायाम नि हृदयाच्या अभ्यासाची मोठी सुरुवात तुमच्याच धंद्यातून झाली. 1953 मधे जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकरवर दाखवलं की बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. पुढे त्यांनी युनिफॉर्मची मापं काढली तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या, म्हणजे ड्रायव्हर मुळातच जाड असतील, सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. तुमच्या लालपरीला जिना नव्हता, पण गर्दीतून तिकिटं फाडत पुढून मागे किती फेऱ्या झाल्या असतील! त्या बंद होऊन दहा वर्षं झालीत, आणि हा फायदा साठवून ठेवता येत नाही.

आठवड्याला निदान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. गोळी सोडायची नाही. छाती दाटली, चक्कर आली तर थांबायचं आणि दाखवायचं.

प्रश्न: वय 71, शुगर आहे, बिडी होती, आता सोडली. दोनशे पावलं चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते. चालणं बंद करू का?
– एक वाचक, मालेगाव

उत्तर: बंद नका करू, पण आधी तपासा. शुगर आणि बिडी दोन्ही असताना असं दुखणं बहुतेकदा पायाची धमनी अरुंद झाल्याचं असतं, लोक वय झालं म्हणून अंगावर काढतात. घोट्याचं आणि दंडाचं बीपी एकाच वेळी मोजून घ्या, घोट्याचं दंडाच्या 0.9 पटीहून कमी आलं तर संशय पक्का. शुगरवाल्यांच्या नळ्या कधीकधी इतक्या कडक असतात की हा आकडा फसवा चांगला येतो, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. त्यांनी हो म्हटलं की पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, तीन महिने. दोनशेची पावलं बऱ्याच जणांची वाढतात. पण पाय रात्री झोपेतही दुखत असेल, किंवा बोटाची जखम भरत नसेल, तर चालणं राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.