अनोळखी कंपनीचं चेनसॉ घेताना

भावा, चेनसॉ म्हणजे लाकूड कापायची साखळी-करवत घेताना ५८ सीसी हा इंजिनाचा आकडा आणि किंमत बघून मशीन घेऊ नकोस. अंगणातल्या फांद्या कापणं वेगळं आणि कोकणात दिवसभर आकेशियाची झाडं पाडणं वेगळं.

आधी सुट्या भागांची चौकशी कर. क्लच, ऑइल पंप, रिकॉइल (दोरी ओढून चालू करायचा भाग), कार्बोरेटरचं किट आपल्या तालुक्यात मिळतं का? 'मागवून देतो' हे उत्तर धरू नकोस, दुकानदाराला भाग काढून दाखवायला सांग. माझं एक स्वस्त मशीन ऐन मार्चमध्ये क्लचच्या ड्रमसाठी तीन आठवडे पडून होतं आणि मजुरांचे खाडे मी भरले. चेनचा पिच (कड्यांमधलं माप) .३२५ किंवा ३/८ इंच असला तर दुसऱ्या कंपनीची चेनही चालते, फक्त गेज (बारच्या, म्हणजे चेन ज्या पात्यावर फिरते त्याच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि त्या कड्यांची संख्या जुळव.

मग मशीन हातात घे. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, चेन फिरता कामा नये. चेन फिरत असताना पुढचा गार्ड मनगटाने ढकल, ती तत्क्षणी थांबलीच पाहिजे. इथे शंका आली तर मशीन परत ठेव, कारण बारचं टोक उसळून अंगावर येतं तेव्हा हाच ब्रेक वाचवतो. बारचं टोक सुक्या बुंध्याच्या थोडं वर, न टेकवता धरून रेस दे, बुंध्यावर चेनच्या तेलाची रेघ उमटायला हवी. टाकीभर काम करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू कर. गरम मशीन दोरी ओढून दमवत असेल तर नको.

हँडलला कंपनं अडवणारी स्प्रिंग किंवा रबर आहे ना, तेही बघ. बोटं बधिर होऊ लागली की उशीर झालेला असतो, रे.