‘रॉटन बरो’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: इंग्लंडच्या निवडणुकांचा इतिहास मराठीत लिहिताना ‘रॉटन बरो’ला ‘सडका मतदारसंघ’ आणि ‘पॉकेट बरो’ला ‘खिशातला मतदारसंघ’ म्हटले तर चालेल का?

बरो म्हणजे संसदेत स्वतःचे खासदार पाठवण्याचा हक्क असलेले गाव. वस्ती ओसरूनही हा हक्क टिकून राहिलेले ते रॉटन बरो, आणि ज्याची जागा एका मालकाच्या मुठीत ते पॉकेट बरो. ‘खिशातला’ जरूर चालेल. ‘सडका’ मात्र मी वापरणार नाही. ‘सडका मतदारसंघ’ म्हटले की तिथले मतदार लाचखाऊ असावेत असे मराठी वाचकाला वाटते. प्रत्यक्षात त्यातल्या सर्वांत गाजलेल्या जागेची कथा अशी की तिथे राहणारे मतदार जवळजवळ उरलेच नव्हते. ती जागा म्हणजे विल्टशायरमधले ओल्ड सॅरम.

सॅरम ही टेकडीवरची प्राचीन गढी. नॉर्मन राजांनी तिथे किल्ला बांधला, त्याच तटात कॅथीड्रलही उभे राहिले. पण वर पाण्याची टंचाई, वारा भणाणणारा आणि किल्ल्यातल्या शिबंदीचे पाद्र्यांशी सततचे खटके. १२२० मध्ये खालच्या सपाटीवर नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि वस्ती हळूहळू तिकडे सरकली. तेच आजचे सॉल्झबरी. गंमत पाहा, नव्या गावाला संसदेत दोन जागा मिळाल्या, आणि ओस पडलेल्या जुन्या गावाच्या दोन जागाही चालूच राहिल्या!

हे कसे शक्य झाले, ते आपल्या महसुली शब्दांत फार नेमके सांगता येते. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. ओल्ड सॅरममध्ये पांढरीची काळी झाली, घरांच्या जागी नांगर फिरला, पण मताचा हक्क त्या जुन्या घरठाणांना चिकटून राहिला. अशा ठाणांना तिकडे बर्गेज म्हणत. ठाण ज्याच्या नावावर त्याचे मत. तो तिथे राहतो की नाही, हे कोणी विचारत नसे. अखेरच्या काळात मतदार अकराच्या वर नव्हते, आणि मतदान व्हायचे टेकडीखालच्या शेतात, एका एल्मच्या झाडाखाली.

म्हणून माझी सूचना ‘बेचिराख कसबा’. वर्तमानपत्रांनी ‘बेचिराख’ला ‘जाळून उद्ध्वस्त केलेले’ एवढाच अर्थ ठेवला आहे. महसुली दप्तरातले बेचिराख गाव वेगळे. त्याला नाव असते, शिवार असते, दप्तरात नोंद असते, फक्त दिवा लावणारे कोणी नसते. ओल्ड सॅरमचे याहून चपखल वर्णन मला सुचत नाही. आणि बरोसाठी ‘कसबा’ अशासाठी, की बरोलाही सनदेने किंवा वहिवाटीने भोवतालच्या खेड्यांहून वेगळा दर्जा असे. खासदार पाठवण्याचा मान त्या ठिकाणाचा होता, तिथल्या माणसांच्या संख्येचा नव्हे. १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वीच्या बरोला ‘मतदारसंघ’ म्हणताना म्हणूनच हात अडखळायला हवा.

आता ‘पॉकेट बरो’. ठाणे विकत घेतली की जागा खिशात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओल्ड सॅरम थॉमस पिट याने घेतले. भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याविना व्यापार करून गबर झालेला हा गृहस्थ पुढे १६९८ मध्ये त्याच कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला. मद्रासेत त्याने ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला, तो १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला. हिऱ्याच्या पैशातून ओल्ड सॅरम आले असे सांगितले जाते, पण क्रम उलटा आहे: बरो आधी, हिरा नंतर. पुढे ही जागा वतनासारखी घराण्यात फिरली. १७३४ मध्ये त्याचा एक नातू दोन ठिकाणांहून निवडून आला, त्याने दुसरी जागा ठेवली आणि ओल्ड सॅरम धाकट्या भावाला दिले. तो धाकटा म्हणजे १७३५ मध्ये संसदेत आलेला आणि पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट. १८०२ मध्ये पिटांकडून ते कॅलेडन घराण्याकडे गेले, आणि त्यांचाही पैसा भारतातल्या कंपनी-नोकरीतला! या जागेच्या इतिहासात आपल्याकडची संपत्ती दोनदा येते, हे मराठी लेखकाने वगळू नये.

याच थोरल्या पिटने १७६६ मध्ये बरोंच्या प्रतिनिधित्वाला राज्यघटनेचा सडलेला भाग म्हटले. हा शतकभरही टिकणार नाही, आपोआप गळला नाही तर कापावा लागेल, असे त्याचे म्हणणे. त्या भाषणाचा अनुवाद करताना ‘सडलेला’ अगदी योग्य, कारण तिथे रूपक शरीराच्या अवयवाचे आहे. शतक लागलेच नाही. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ५६ बरोंच्या जागा पूर्ण रद्द केल्या, त्यात ओल्ड सॅरम गेले. मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या शहरांना तेव्हा कुठे स्वतःचे खासदार मिळाले.

‘बालेकिल्ला’ वापरावा का, असेही विचारले आहे. नको. बालेकिल्ल्यात लोक एका पक्षाला पुनःपुन्हा मत देतात. तिथे मन वळवता येते, बालेकिल्ला ढासळूही शकतो. खिशातल्या बरोत वळवायला कोणी नसतेच. मालकाची मर्जी असेल तो माणूस येतो. १८०१ मध्ये तर ओल्ड सॅरमच्या मालकाने जॉन हॉर्न टूक या कट्टर सुधारणावाद्यालाच आत पाठवले. शब्दांच्या व्युत्पत्ती शोधणारा हा भाषापंडित पूर्वी धर्मोपदेशक होता, म्हणून त्याच वर्षी पाद्र्यांना संसदबंदी करणारा कायदा आला.

‘बेचिराख’ला एक मर्यादा आहे. ज्यांना रॉटन बरो म्हणत त्यांतले बरेच ओसाड नव्हते, तिथे लहानशी वस्ती नांदत होती. सफोकचे डनविच तर बरेचसे समुद्राने गिळले, तरी थोडी माणसे आणि दोन खासदार १८३२ पर्यंत राहिले. अशा ठिकाणी ‘खंगलेला कसबा’ म्हणावे, आणि जागा कुणाच्या मुठीत असेल तर ‘खिशातला’ हे विशेषण सोबत जोडावे.