कोतातून : इथे सगोत्रच लागतं

(कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. तिथे शस्त्रांची देखभाल करणारे आर्मरर म्हणून हयात घालवलेले आमचे निवृत्त सुभेदार या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

या वेळी चारच पत्रं घेतली आहेत. पहिल्यानेच निम्म्याहून जास्त जागा खाल्ली, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : माझा भाचा दोन वर्षांपासून टेक्सासमध्ये आहे. कंपनीने एच-वन-बी व्हिसावर पाठवलंय. तो म्हणे सुटे भाग मागवून घरीच .308 बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल जुळवतोय. नळी एका कंपनीची, बोल्ट दुसरीचा, वरची बॉडी तिसरीची, जिथे स्वस्त मिळेल तिथून. खालची बॉडी तेवढी घ्यायची राहिलीय. ‘मावशी, कॉम्प्युटर असेंबल करतात ना, तसंच आहे,’ असं सांगतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण झोप उडालीय. हे सगळं एकमेकांत बसतं का हो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, कॉम्प्युटरमध्ये चुकीचा भाग बसवला तर पडदा काळा राहतो, माणूस शिव्या देतो आणि चहा प्यायला जातो. रायफल गालाला लावायची असते. डोळ्यापासून वीतभर अंतरावर, क्षणभरच पण दर चौरस सेंटिमीटरला चार टनांच्या आसपास दाब तयार होतो. ट्रकच्या टायरमध्ये आठ-नऊ किलोची हवा असते, आणि तो फुटला तर काय होतं ते तुम्ही हायवेला पाहिलं असेल. तेव्हा झोप उडाली ती योग्य कारणासाठीच उडाली.

भाच्याचा गोंधळ कुठे होतोय ते मला दिसतंय. अमेरिकेत एआर-15 नावाची लहान बोअरची रायफल घरोघरी आहे. तिचे भाग खरोखरच कुठल्याही कंपनीचे घ्या, बहुतेक बसतात. का बसतात? तर ती त्यांच्या फौजेने एम-16 म्हणून घेतली. फौजेने एकदा हत्यार घेतलं की त्याचं ड्रॉइंग ठरतं, प्रत्येक भोकाचं माप आणि त्यातली सूट कागदावर येते, आणि पुढे माल कुणीही बनवला तरी इन्स्पेक्टर त्याच कागदाला लावून पाहतो. बाजारातल्या कंपन्यांनीही तीच मापं उचलली.

भाच्याची रायफल ही तिची थोरली बहीण, एआर-10. खरं तर आधी जन्मली ती हीच. युजीन स्टोनर या माणसाने कॅलिफोर्नियातल्या आर्मालाइट कंपनीत 1950च्या दशकाच्या मध्याला ती बनवली, आणि तिलाच लहान करून एआर-15 निघाली. 1959 मध्ये आर्मालाइटने दोन्हींचे हक्क कोल्ट कंपनीला विकले. धाकटीचं नशीब उघडलं. थोरलीला मात्र अमेरिकी फौजेने नाकारलं, तिच्याऐवजी एम-14 घेतली. सुदान, पोर्तुगाल अशा थोड्या देशांसाठी हॉलंडच्या कारखान्यात काही हजार नग निघाले आणि विषय संपला. म्हणजे सरकारी ड्रॉइंग नाही, इन्स्पेक्टरचा कागद नाही. पुढे तीसेक वर्षांनी निरनिराळ्या कंपन्यांनी ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या मापाने आणली.

त्यातून मुख्य दोन गोत्रं तयार झाली : एक आर्मालाइटचं, एक डीपीएमएस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं. लग्नात आपण सगोत्र टाळतो, इथे उलटं आहे, इथे सगोत्रच लागतं. वरची आणि खालची बॉडी मागच्या बाजूला जिथे भेटते तिथला काप डीपीएमएसचा गोलसर, आर्मालाइटचा तिरका सरळ. एकाची वरची आणि दुसऱ्याची खालची घेतली तर मागे फट किंवा अडचण. हे निदान डोळ्याला दिसतं. मॅगझीनचंही, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीचंही, तसंच. आर्मालाइटने पुन्हा सुरुवात केली तेव्हा एम-14चं मॅगझीन बदलून वापरलं, डीपीएमएसवाल्यांनी दुसरं. दोन्हींत काडतूस तेच, पण मॅगझीन अडकवणारी खाच वेगळ्या जागी.

खोड काढणारी गोष्ट मात्र न दिसणारी असते. नळी आवळणारा मोठा नट घ्या. दोन्ही गोत्रांत व्यास एकच, पण एकात इंचाला 16 आटे आणि दुसऱ्यात 18. लेथवर काम केलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. पहिला फेरा जातो, माणसाला वाटतं बसला, मग घट्ट लागतो, मग पान्याला पाइप लावून तो जोर करतो. बॉडी ॲल्युमिनियमची, नट बऱ्याचदा पोलादाचा. कोण हरणार? शिवाय डीपीएमएसच्या गोत्रातच नव्याजुन्या मालात वरच्या पट्टीची उंची बदललेली आहे. म्हणजे गोत्र जुळलं तरी नाडी पाहावी लागते.

हे सगळं पैशाचं नुकसान. जिवाचा भाग एकच आहे : बोल्ट आणि नळी. काडतूस नळीत गेल्यावर मागून बोल्ट त्याला किती दाबून धरतो, त्या जागेला हेडस्पेस म्हणतात. कमी पडली तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही. जास्त झाली तर पितळी केस मागे ताणली जाते, चिरते, आणि तो चार टनांचा वायू वाट मिळेल तिकडे, म्हणजे तुमच्या भाच्याकडे, येतो. ही जागा गेजने तपासतात : ‘गो’वर बोल्ट बंद व्हायलाच हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. .308च्या या दोन गेजमध्ये फरक किती, तर 0.1 मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी. वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले नळी आणि बोल्ट त्यात योगायोगाने बसतीलही. मी योगायोगावर सही केली नसती.

एक माझाच किस्सा सांगतो. आमच्या एसएलआरमध्ये, म्हणजे फौजेच्या जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलीत, बोल्टचंच काम करणारा ब्रीच ब्लॉक मागून खाली कलतो आणि लॉकिंग शोल्डर नावाच्या आडव्या तुकड्याला टेकतो. हा तुकडा वेगवेगळ्या मापात येतो. आर्मरर गेज लावून प्रत्येक रायफलीला तिच्या मापाचा निवडतो. म्हणून ब्लॉक आणि बॉडी ही जोडी फोडायची नसते, दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो. एका पावसाळ्यात नवी पोरं सफाईला बसली होती. एका चादरीवर एकच रायफल खोलायची हा नियम. त्या दिवशी चादरी भिजलेल्या, मीच म्हटलं, बसा दोघे दोघे. संध्याकाळी कोतात जमा करताना मी सहज गेज लावला. एका रायफलीचा ब्लॉक ‘गो’वर बंद होईना. दुसरीचा ‘नो-गो’वर अगदी प्रेमाने बंद झाला. नंबर पाहिले तर अदलाबदल. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या रायफली होत्या त्या, ताई. दुसऱ्या दिवशी फायरिंग होतं. मी त्या रात्री जेवलो नाही आणि पोरांना काही बोललोही नाही, कारण ‘बसा दोघे दोघे’ मी म्हटलं होतं.

तेव्हा भाच्याला सांगा, स्वस्ताचा नाद सोड. नळी आणि बोल्ट एकाच कंपनीची, कारखान्यातच एकमेकांना लावून तपासलेली जोडी घ्यावी. वरच्या-खालच्या बॉडीही एकाच घरच्या. आणि पहिली गोळी झाडण्याआधी तिथल्या परवानाधारक गनस्मिथकडून गेज लावून घ्यावं. पाच मिनिटांचं काम असतं ते.

पण हे सगळं लिहून झाल्यावर तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि एका शब्दावर अडलो : एच-वन-बी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्याला येतं. व्हिसावाल्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं हा एक. भाच्याच्या हे लक्षात आलं नसावं, त्याचं कारणही कळतं. नळी, बोल्ट, दस्ता हे सगळं तिथे पोस्टाने घरी येतं, कुणी काही विचारत नाही. कायद्याच्या नजरेत या रायफलीत बंदूक म्हणजे फक्त ती खालची नंबरवाली बॉडी. ती दुकानातून घेताना फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर व्हिसाचा प्रश्न छापलेलाच असतो. तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. त्याने खालची बॉडी अजून घेतली नाही हे तुमच्या देवाचे उपकार समजा. आज त्याच्याकडे सुटे तुकडे आहेत. वकिलाशी बोलेपर्यंत ते सुटेच राहू देत. उद्या बदली होऊन न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेला तर तिथले राज्याचे कायदे टेक्सासच्या कितीतरी पट कडक आहेत, तेही त्याच्या कानावर घाला.

प्रश्न : मी इचलकरंजीत टर्नर आहे. बातम्यांत एसएलआर, एके आणि आता आलेली सिग, सगळ्यांना 7.62च म्हणतात. मग नळ्या आणि गोळ्या आपसांत चालत असतील ना?

उत्तर : नाही चालत, मास्तर. 7.62 हे नळीचं नाव झालं, काडतुसाचं माप त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. एसएलआर आणि सिग-716चं 7.62 गुणिले 51. एकेचं 39, ते आखूड आणि निमुळतं. ड्रॅगुनोव्ह या रशियन स्नायपर रायफलीचं 54, त्याला तर बुडाशी कडा असते. हे आकडे केसच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये. तुमच्या भाषेत सांगायचं तर एम-12 म्हटलं आणि पिच सांगितला नाही, असं झालं ते. रशियन गोळीचा व्यासही किंचित जास्त भरतो, तेव्हा नावसुद्धा पूर्ण खरं नाही.

तुम्ही टर्नर म्हणून एक गंमत सांगतो. आपल्या एसएलआरचं मूळ बेल्जियमची एफएएल. ती मेट्रिक मापात. इंग्रज, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने तीच इंचात काढली. दिसायला जुळ्या बहिणी, पण इंची मॅगझीनचा पुढचा दात मोठा, तो मेट्रिक बॉडीत शिरतच नाही. आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने इंग्रजी नमुना समोर ठेवला आणि आपली काढली. तिचे काही भाग इंचीला लागतात, काही मेट्रिकला, काही फक्त तिलाच. अमेरिकेतले हौशी लोक जुने भाग जमवून एफएएल उभी करतात, ते 1ए1च्या, म्हणजे आपल्या याच एसएलआरच्या, भागांना वचकून असतात असं ऐकतो. मला त्याचा उगाच अभिमान वाटतो.

आणि 2019 साली आपण ज्या 72,400 सिग-716 मागवल्या, त्या आकाराने वर सांगितलेल्या एआर-10च्याच घराण्यातल्या.  पण घराणं तेच म्हणून भागही तेच असतील असं धरू नका!

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून दिवाळीला येतोय. तिथल्या रेंजवरचं एक रिकामं मॅगझीन टेबलावर ठेवायला आणू का, असं विचारतो. – पुणे

उत्तर : आणू नये. आपल्या 1959च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात आणि दारूगोळ्यात त्याचेही भाग. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसावरून विमानतळावर तासन्‌तास बसलेली माणसं आहेत. परवान्याशिवाय शस्त्र बनवण्याला तर 2019च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भाग आणून इथे जुळवू म्हणणाऱ्या दोन-तीन पत्रांना मी उत्तर देत नाही ते त्याचमुळे. 7.62ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या नागरिकाच्या परवान्यात बसतही नाही. मुलाला म्हणावं, चॉकलेट आण.

प्रश्न : सुभेदारसाहेब, आमच्या वडिलांच्या एसएलआरच्या बटात पितळी झाकणाचा कप्पा होता असं ते सांगायचे. इंग्रजांच्या एसएलआरच्या फोटोत तो दिसत नाही. वडील चुकत होते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : वडील बरोबर होते. इशापूरकडे .303 रायफलीच्या बटप्लेटचा सगळा सरंजाम तयार होता, तोच आपल्या एसएलआरच्या लाकडी बटाला लावला. झाकण उघडलं की आत तेलाची बाटली आणि पुल्थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी. नवं हत्यार, जुनी चप्पल! आम्हा आर्मररना तो कप्पा फार आवडायचा, कारण इन्स्पेक्शनला आधी तिथेच बोट घालायचं. बाटलीत तेलाऐवजी पाणी, पुल्थ्रूऐवजी नाडी, सगळं पाहिलंय. एकात बाटली नव्हतीच, गाय छाप तंबाखू आणि चुन्याची डबी होती, नीट चिंदीत गुंडाळून, खडखड होऊ नये म्हणून. बट नंबर माझ्या लक्षात आहे, पण सांगणार नाही. तो आता आमच्याच तालुक्यात सरपंच आहे.