मागचा डिफरन्शियल आणि न हलणारा बोल्ट

प्रश्न : माझी पाट्यांच्या स्प्रिंगची जुनी डिझेल गाडी आहे. डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या जोडणीचा) घुमणारा आवाज वाढल्यामुळे क्राऊन-पिनियनसकट (आतल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीसकट) आख्खी जोडणी बदलायची ठरवली. हाऊसिंगच्या (ॲक्सलच्या लोखंडी कवचाच्या) गोलातले दोन बोल्ट हलायलाच तयार नाहीत. एकाचा माथा गोल होत चाललाय. पान्याला लांब पाईप लावून बघू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : पाईप लावू नका. एक मीटरच्या पाईपच्या टोकाला दहा-बारा किलोचा जोर दिला की बोल्टवर १०० ते १२० न्यूटन-मीटर पीळ पडतो. इथले बोल्ट बहुतेक १० मिमीचे असतात. माथ्यावर ८.८ (मजबुतीचा अंक) छापलेला असा बोल्ट एवढ्या पिळाने तुटू शकतो, आणि गंजून बारीक झालेला तर नक्कीच. हाताला तो ‘सुटला’ असं वाटतं, तेव्हा तो तुटलेला असतो.

बोल्टला हात लावण्याआधी एक काम करा : तेल भरायचा प्लग उघडतो का ते पाहा. खालचा प्लग काढून तेल सांडून दिलं आणि वरचा भरायचा प्लग जाम निघाला, तर गाडी ना जुन्या तेलावर चालते, ना नवीन भरता येतं. वरचा सुटला की मगच खालचा.

आता बोल्ट कुठे धरलाय ते ओळखा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत माथ्याखाली आणि आट्यांत, दोन्हीकडे गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांत पाचर ठोकल्यासारखा बसतो. तारेच्या ब्रशने माथा, वॉशर आणि फटी घासून मोकळ्या करा. मग जाम सोडवायचं पातळ तेल मारा. ते हाताशी नसेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समप्रमाणात घेऊन हलवा. दोन्ही वेगळे होत राहतात, म्हणून दर वेळी हलवूनच टाका, आणि ॲसिटोन लगेच पेटतं हे विसरू नका. दर दोन-तीन तासांनी थोडं टाकत रात्रभर ठेवा. तेल मारून पाच मिनिटांत पाना लावला तर तेल माथ्यावरच राहतं, आट्यांपर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी माथ्यावर मधोमध गोल दांड्याचा पंच धरून हातोड्याचे आठ-दहा सरळ ठोके द्या. गंजाचा थर त्याने तडकतो. मग सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी गोटीनेच माथे गोल होतात. पहिला हेलकावा घट्ट करण्याच्या दिशेने द्या, मग सैल करण्याच्या. पाव आटा सुटला की पुन्हा आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. एका दमात काढायला गेलं की सुटलेला गंज आट्यांत अडकून बोल्ट परत धरतो.

तरी हलला नाही तर उष्णता द्या, पण बोल्टला नाही, त्याच्या भोवतीच्या हाऊसिंगला. भोक फुगलं पाहिजे. बोल्ट तापवला तर तो स्वतःच फुगून आणखी घट्ट बसतो. तेल आधी काढलेलं हवं, हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं तोंड मोकळं हवं, हाऊसिंगवरून जाणारी ब्रेकची नळी आणि रबरी होज बाजूला घेतलेली हवी. टाकीकडे ज्योत वळू देऊ नका आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. बोल्टला कारखान्यात लाल लॉकिंग द्रव (आटे चिकटवून धरणारा) लावलेला असेल, तर सुमारे २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय तो हार मानत नाही.

गोल झालेल्या माथ्यावर एक नंबर लहान गोटी (१७ च्या जागी १६) ठोकून बसवा. नाहीच जमलं तर माथ्यावर मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरा. नट गार होण्याआधी, काळपट लाल असतानाच पाना लावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा हाऊसिंगलाच, बोल्टच्या अगदी जवळ लावा. तो चाकाला किंवा ड्रमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या धावपट्ट्या खराब होतात.

हेही फसलं तर माथा ड्रिलने किंवा ग्राइंडरने सरळ उडवा. यात हार नाही. माथा गेला की बोल्टवरचा ताण जातो. डिफरन्शियल त्या खुंटीवरून पुढे सरकून निघतो आणि हाऊसिंगवर सेंटीमीटरभर दांडा उघडा राहतो. वरच्या पकडीतून मोकळा झालेला तो दांडा बऱ्याचदा साध्या ग्रिप-पक्कडने फिरून येतो. दोन जाम बोल्टांसाठी दोन दिवस झटण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुपारीच हा निर्णय घेतलेला बरा.

जोडणी सुटायला दोन्ही ॲक्सल (चाकांपर्यंत जाणारे आतले दांडे) आधी हातभर बाहेर ओढलेले हवेत. नाहीतर सगळे बोल्ट निघूनही ती जागची हलत नाही आणि मग लोक तोंडाच्या सीलंटला दोष देत फटीत छिन्नी घालतात. ते तोंड खराब झालं की तेल कायम पाझरतं. जोडणी जड असते, खाली जॅक लावूनच काढा.

प्रश्न : कॉइल स्प्रिंगच्या गाडीचा मागचा आख्खा ॲक्सल उतरवायचा आहे. खालच्या लांब दांडीचा बोल्ट थोडा फिरतो आणि परत मागे येतो. नट तर निघालाय!
– एक वाचक, पुणे

उत्तर : मागे येतो म्हणजे तो आट्यांत नाही, बुशच्या (दांडीच्या टोकातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून बसलाय. तुम्ही बोल्ट फिरवत नाही, रबर पिळताय. नट निघालेला असल्यामुळे आट्यांवर तेल ओतून काहीच होणार नाही. तेल नळीच्या दोन्ही तोंडांशी जायला हवं. बोल्टच्या टोकावर नट उलटा, टोकाच्या बरोबरीने लावून हातोडा मारून पाहा. टोक फुगू नये म्हणूनच नट हवा.

दोन-चार ठोक्यांत हलला नाही तर वेळ घालवू नका. ब्रॅकेट (बोल्ट धरणारी पट्टी) आणि बुश यांच्यामधल्या फटीत लांब पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. मागेपुढे चालणारी इलेक्ट्रिक करवत आणि धातूचं बारीक दातांचं पातं असेल तर काम लवकर होतं. बुश तर नवीनच घालावं लागणार, म्हणून कापायला कचरू नका. गॅसची ज्योत मात्र इथे मारू नका. रबर पेटतं, धूर घातक असतो, आणि अनेक गाड्यांत इंधनाची टाकी तिथून फार लांब नसते.

बसवताना नवा बोल्ट आणि नवा नट घ्या. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करा, वर टांगलेली असताना नाही. टांगलेल्या स्थितीत आवळलं तर खाली उतरवताच रबर पिळलेलंच राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं. बुश फाटण्याच्या तक्रारींत हे कारण वारंवार दिसतं आणि दोष मात्र बुश विकणाऱ्याला दिला जातो.

प्रश्न : इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ॲल्युमिनियमच्या डिफरन्शियल खोक्यातला पोलादी बोल्ट भोकाच्या तोंडाच्या पातळीत तुटून आत राहिला. एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट फिरवून काढायचं हत्यार) वापरू का?
– एक वाचक, ओंटारियो

उत्तर : खोकं भंगारात जाणार असेल तर तुटका बोल्ट सोडून द्या. परत वापरायचं असेल तर एक्स्ट्रॅक्टर शेवटी. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला की साधा ड्रिल त्याला लागत नाही. आधी मधोमध खूण ठोका आणि डाव्या फिरकीच्या (उलट्या दिशेने फिरणाऱ्या) ड्रिलने भोक पाडा. बऱ्याचदा ड्रिलच बोल्टला धरून बाहेर आणतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून हॉट-एअर गननेही काम होतं. ज्योतीची गरज नाही, तिने ॲल्युमिनियम मऊ पडतं. भोक बिघडलंच तर हेलिकॉइलची (नवे आटे देणारी) तार बसवा.

प्रश्न : नवीन बोल्टला ग्रीस लावावं का? टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) माप काय घ्यावं?
– वरील देवगडचे वाचक

उत्तर : गंज लागतो तिथे कॉपर पेस्ट अगदी पातळ लावा. पण पुस्तकातला टॉर्क (आवळायचा पीळ) कोरड्या आट्यांसाठी असेल तर वंगणामुळे तो साधारण पाव भागाने कमी घ्यावा लागतो, नाहीतर बोल्ट ताणला जातो. लॉकिंग द्रव सांगितलेल्या जागी पेस्ट नको. आट्यांचं अंतर मापून घ्या, १० मिमीमध्ये मुख्यतः दोन प्रकार येतात : १.५ च्या आट्यांसाठी ८.५ चा ड्रिल, १.२५ च्या आट्यांसाठी ८.८ चा. टॅप अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा चालवा. ड्रिल करण्याआधी हाऊसिंगमध्ये चिंध्या भरा, नंतर डिझेलने धुऊन चुंबक फिरवा. नवा क्राऊन-पिनियन खराब करायला धातूचा एकच किस पुरतो.