मोटरमनला नेमकं काय विचारायचं?

प्रश्न : लोकलच्या कॅबसाठी, म्हणजे मोटरमनच्या केबिनसाठी, नवा डिस्प्ले आखतो आहोत. मोटरमन मंडळींना छापील प्रश्नावली दिली, तर बहुतेकांनी ‘सगळंच स्क्रीनवर हवं’ असं लिहिलं. त्यांचा अनुभव नीट कसा मिळवावा? किती जणांना विचारलं की पुरे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रश्नावलीने हेच होणार; जास्तीचं मागायला कुणाचं काय जातं? मोटरमनचं लक्ष मुळात काचेबाहेर असतं. ताशी 100 कि.मी. वेगात दोन सेकंद नजर खाली वळली, तर गाडी 55 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून काय हवं ते विचारू नका, निर्णय कसा घेतला ते विचारा.

त्यांनी अनुभवलेला एकच प्रसंग निवडा : विझलेला सिग्नल, पावसात रुळांवर चढलेलं पाणी, ट्रिप झालेला व्हीसीबी (गाडीचा वीजपुरवठा तोडणारा मुख्य ब्रेकर). तो तीनदा सांगायला लावा. पहिल्यांदा मध्ये न बोलता ऐका. दुसऱ्यांदा क्रमाने कागदावर मांडा. तिसऱ्यांदा टप्प्याटप्प्यावर थांबवा : तेव्हा काय दिसत होतं, पुढे काय होईल असं वाटलं, नवखा इथे कुठे चुकला असता? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा, कारण अंगवळणी पडलेल्या गोष्टी आपणहून कुणी सांगत नाही.

बैठक साइन ऑफनंतर, म्हणजे ड्युटी संपल्यावर, पाऊण तासाची ठेवा. लोको इन्स्पेक्टर खोलीत नको; वरिष्ठांसमोर सगळे नियमपुस्तकच म्हणून दाखवतात.

सुरुवातीला 12 ते 15 जण पुरतात. मुलाखतींत नवा मुद्दा येईनासा झाला की थांबा. निवड मात्र मिश्र हवी : सीमेन्स, बॉम्बार्डियर, मेधा या कंपन्यांच्या यंत्रणेचे आणि एसी रेक (म्हणजे डब्यांची अख्खी गाडी) चालवलेले, नुकतेच रुजू झालेले, निवृत्तीला आलेले. कारशेडमधल्या इलेक्ट्रिकल स्टाफलाही विचारा, फॉल्ट शेवटी तेच काढतात.

मग खऱ्या मापाचा कागदी स्क्रीन परवानगी घेऊन उभ्या रेकच्या कॅबमध्ये चिकटवा; एकदा भर दुपारी, एकदा रात्री. 70 सें.मी.वरून वाचायचं अक्षर किमान 4 मि.मी. उंच हवं. धावत्या कॅबला हादरे असतात आणि चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, त्यामुळे महत्त्वाचे आकडे बरेच मोठे घ्या.

मतभेद झाले तर हात वर करून मोजू नका. प्रत्येकाची कारणं नावाशिवाय सर्वांना द्या आणि पुन्हा मत मागवा. तरीही आवड वेगळी आणि उपयोग वेगळा. जुन्या रेकसारखी मांडणी अनुभवी माणसाला आवडतेच. सिम्युलेटरवर फॉल्ट टाकून बघा : तो ओळखायला किती सेकंद लागले, नजर किती वेळ खाली होती, चुकीचं बटण दाबलं का. आवडलेल्या मांडणीत वेळ जास्त जात असेल, तर ती सोडा.

अलार्मची यादी वेगळी करा. प्रत्येकापुढे मोटरमनने त्या क्षणी काय करायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. जागा रिकामी राहिली, तर तो अलार्म कारशेडच्या नोंदीत जाऊ द्या, कॅबमध्ये नको. विनाकारण वाजणारा बझर न वाचताच बंद करायची हाताला सवय लागते, आणि खरा फॉल्टही मग त्याच हाताने बंद होतो.