आण्णांचं टू-टोन घड्याळ: पॉलिश करू की तसंच ठेवू?

प्रश्न: सर, आमचे आण्णा दुबईला कामाला होते तेव्हा १९८४ च्या सुमारास घेतलेलं रोलेक्स डेटजस्ट आता माझ्याकडं आलंय, स्टील आणि सोनं मिक्स, शॅम्पेन डायल, १६०१३ मॉडेल आहे म्हणतात. चेन लई ढिली झालीय, रात्री काटे चमकत नाहीत. गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ पेठेत दाखवलं तर एकजण म्हणाला बफ मारून, म्हणजे मशीनवर घासून पॉलिश करून, डायल रंगवून नव्यासारखं करून देतो, आणि मित्र म्हणतोय सोनं मोडून टाक. शौकीन लोक असल्या जुन्या घड्याळात नेमकं बघतात तरी काय? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: आधी हात जोडून सांगतो, बफ मारू नका आणि डायलला तर कुणाला हातच लावू देऊ नका. मोडायचा विचारही सोडा, कारण बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, चावी आणि चेनच्या मधल्या कड्या खऱ्या सोन्याच्या असल्या, मुलामा नसला तरी वजनकाट्यावर ते सोनं थोडंच भरतं, आणि अख्खं घड्याळ त्याच्या कितीतरी पट जातं.

आता शौकीन काय बघतात ते. स्टील-सोन्याच्या या जोडीला कंपनीनं रोलेसॉर हे नाव १९३३ मध्येच रजिस्टर केलं, डेटजस्ट आलं १९४५ ला. मधल्या काळात लोक टू-टोनला नाकं मुरडत होते, ऐंशीच्या दशकातली शोबाजी म्हणायचे, आता तेच लोक शोधत फिरतायत. माझ्या मते कारण सरळ आहे, यात दोन धातू दोन तऱ्हेनं म्हातारे होतात, स्टीलवर बारीक चरे पडून ते मवाळ करडं दिसायला लागतं, सोनं ऊबदार दिसतं आणि शॅम्पेन डायल या दोघांना जोडून ठेवतं. साइजही ३६ मिलिमीटर, शर्टाच्या बाहीखाली गुपचूप बसणारी. एकदा उन्हात तिरकं धरून बघा, बेझलच्या प्रत्येक खाचेची धार वेगळी चमकते. या खाचा मुळात नुसत्या नक्षीसाठी नव्हत्या बरं का, बेझल केसवर, म्हणजे घड्याळाच्या डबीवर आवळताना हत्याराला पकड मिळावी म्हणून होत्या. बफ मारला की आधी हीच धार मरते, मग लग्स, म्हणजे चेन अडकते ते चार पाय, बारीक होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. आजीचा कोल्हापुरी साज मिळाला तर त्याची पानं घासून गुळगुळीत करतो का आपण? नाही ना, मग हेही तसंच.

काटे चमकत नाहीत हा बिघाड नाहीच. डायलवर अगदी खाली ६ च्या जवळ ‘टी स्विस टी’ असं बारीक छापलेलं असेल, तो टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगातला किरणोत्सारी पदार्थ. त्याचा जोर साधारण १२ वर्षांत निम्म्यावर येतो, म्हणजे आज अंधारात काही दिसणार नाही हे धरूनच चला. पण डायलवरचे त्या रंगाचे ठिपके सायीसारखे पिवळसर झाले असतील आणि काट्यांचा रंग त्यांच्याशी जुळत असेल तर शौकीन माणूस तिथंच थांबतो, कारण डायल-काटे सुरुवातीपासून एकत्र आहेत याची ती चांगली खूण. रंगवलेल्या डायलची किंमत धाडकन पडते.

चेन ढिली होणं या वयाला साहजिक आहे, ज्युबिली चेनच्या, म्हणजे एका ओळीत पाच बारीक कड्या असलेल्या चेनच्या, कड्या जुन्या काळी पोकळ असायच्या. जाणकाराकडून घट्ट करून घेता येते, पण मूळ चेन फेकून नवी बसवू नका.

प्रश्न: खरंच १६०१३ आहे की जुनं १६०१, हे घरी कसं ओळखायचं? (तेच वाचक)

उत्तर: चावीचे आटे सोडवा, एक टप्पा बाहेर ओढा आणि फिरवा. नुसती तारीख पटापट बदलली तर १६०१३, त्यात १९७७ ला आलेलं ३०३५ मशीन असतं. १६०१ मध्ये तारखेसाठी काटेच गोल गोल फिरवत बसावं लागतं. पक्कं करायचं तर चेन उतरवून बघा, १२ च्या बाजूला लग्सच्या मधे मॉडेल नंबर आणि ६ च्या बाजूला सिरियल नंबर कोरलेला असतो. मशीनचं सर्व्हिसिंग मात्र जरूर करून घ्या, आणि देताना ‘पॉलिश करायचं नाही, डायल-काटे बदलायचे नाहीत’ हे पावतीवर लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगू नका.